घासूमास्तरांच्या चार खिडक्या

माझ्या दादाला गेली चाळीस वर्षं सगळे घासूमास्तर म्हणतात. दुसऱ्या कुणाला असं नाव पडलं असतं तर तो भांडायला उठला असता. दादाला मात्र ते पदवीसारखं वाटतं.

दादा रंगारी. पण रंग लावणं हे त्याच्या लेखी कामाचं शेपूट, खरं काम त्याच्या आधीचं. जुना रंग पत्रीने, म्हणजे लोखंडी पातीने, खरवडायचा, मग पॉलिशपेपर घ्यायचा, आधी खरखरीत, मग मध्यम, मग मऊ. शेवटी लाकडावर तळहात ठेवून डोळे मिटून उभं राहायचं. हाताला एकही पापुद्रा जाणवला नाही की तो म्हणणार, "लागलं." म्हणजे लाकूड लागलं. तोवर घरमालकाने कितीही नाचानाच केली तरी ब्रश डब्यात बुडत नसे. जुन्या रंगावर तसाच नवा हात मारणाऱ्या रंगाऱ्यांबद्दल तो जे बोलतो ते लिहिण्यासारखं नाही. त्यातल्या त्यात सभ्य म्हणजे, "आंघोळ न करता पावडर थापणारे!"

मी त्याची धाकटी बहीण. त्याच मजल्यावर समोरच्या दारात राहते आणि शिवणकाम करते. लग्न केलं नाही, त्यामुळे मला दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसायला भरपूर वेळ मिळतो, असं दादाचं म्हणणं आहे. खोटं नाही ते.

आमची इमारत जुनी. दादाच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून चार खिडक्या, लाकडी चौकटींच्या. आमच्या आधी राहून गेलेल्या प्रत्येक भाडेकरूने त्यांच्यावर आपापल्या आवडीचा ऑइलपेंट चढवलेला. थरावर थर बसून झडपा इतक्या जाड झालेल्या की उघडायला खांदा लावावा लागे, आणि प्रत्येक वेळी चौकटीतून चिमूटभर भुगा कट्ट्यावर पडे. गावभर लाकूड उघडं करत फिरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात ही अवस्था. वहिनी शेवटपर्यंत म्हणत राहिली, "अहो, एकदा आपल्याही खिडक्या घासा." दादा म्हणायचा, "पुढच्या सुट्टीत." वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. ती सुट्टी काही आली नव्हती.

घरात आता दादा, माझा भाचा, सूनबाई आणि मुंगी. मुंगी म्हणजे दादाची नात, दीड वर्षाची. हे नाव मी ठेवलं, कारण जमिनीवर पडलेला कण तिच्या नजरेतून सुटायचा नाही आणि सापडलेला कण तोंडात गेल्याशिवाय राहायचा नाही. पलंगाजवळची खिडकी ठेंगणी होती. मुंगी तिचा कट्टा धरून उभी राहायची आणि दात शिवशिवायला लागले की कट्ट्याची कडच चावायची. संध्याकाळी दादा कामावरून आला की धावत जाऊन त्याच्या पायाला मिठी मारायची. तो तिला तसाच उचलायचा, आणि ती त्याच्या शर्टाची कॉलर तोंडात घालून चघळत बसायची. आम्ही सगळे कौतुकाने बघायचो. सगळ्यात जास्त मी.

मग मुंगी किरकिर करायला लागली. घास तोंडात ठेवला की थुंकायची. पोट दगडासारखं कडक. सगळ्यात वाईट म्हणजे तिला येत असलेले शब्द एकेक करून गेले. "दे" गेला, "काऊ" गेला, "नको" गेला. महिन्याभरात फक्त "आबा" उरला, तोही कधीमधी. मी म्हटलं, दात येताहेत, होतं असं. घरातल्या मोठ्या बाईने काहीतरी बोलायचं असतं म्हणून आपण बोलतो, त्यातलं ते बोलणं. सूनबाई औषधाच्या दुकानात काम करते आणि ऐकीव गोष्टींवर भागवत नाही. तिने डॉक्टरांकडून रक्त तपासून घेतलं.

रक्तात शिसं निघालं. आकडा अकरा.

"अकरा म्हणजे खूप का?" भाच्याने विचारलं.

"खरं तर एकही नको," डॉक्टर म्हणाले. घर किती जुनं, खिडक्या कसल्या, सगळं त्यांनी विचारून घेतलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं आणि त्याची चव किंचित गोड लागते, हेही सांगितलं. गोड कुठे आहे ते मुंगीला बरोबर सापडलं होतं. ते म्हणाले, तपासणीला माणूस येईल, दोन आठवडे लागतील. तोवर पलंग खिडकीपासून लांब घ्या, कट्टा ओल्या फडक्याने पुसा, मुलीचे हात सारखे धुवा. आणि काहीही झालं तरी रंगाला हात लावू नका.

भाच्याने घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. संध्याकाळभर दादा त्या ठेंगण्या खिडकीवरून बोट फिरवत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आणि भाचा मुंगीला घेऊन आठवडाभर सूनबाईच्या माहेरी गेले. त्याच्या पुढच्या सकाळी सातला दादा माझ्या दारात.

"दोन जुन्या चादरी दे."

"कशाला? हात लावू नका म्हणालेत ना?"

"ते सगळ्यांना तसंच सांगतात गं. हौशी लोक अर्धवट खरवडतात आणि पोपडे तसेच सोडून देतात. रंगात विष आहे ना? मग मी रंगच ठेवत नाही. मुळासकट काढतो."

आता म्हणायला काय, मी अडवायला हवं होतं. पण मला पटलं. मी चादरी दिल्या आणि वर चहाही केला.

तीन दिवस तो घासत होता. शेजाऱ्यांना धुळीचा त्रास नको म्हणून दारं-खिडक्या घट्ट बंद. हा त्याचा नेहमीचा चांगुलपणा. नाकाला रुमाल बांधलेला, भुवया पांढऱ्या, खोलीत असं धुकं की पलंग कुठे आणि कपाट कुठे कळू नये. वरचा चॉकलेटी गेला, त्याच्या खालचा हिरवा गेला, मग निळा. तळाशी पांढरा लागला तेव्हा त्याने मला हाक मारून बोलावलं.

"हा बघ खरा सफेदा! आता असा माल मिळत नाही. इतकी वर्षं झाली, जागचा हलला नाही."

सफेदा म्हणजे शिशाचाच पांढरा रंग. जे विष काढायला तो बसला होता, त्याचीच तो तारीफ करत होता. ते त्याला कळलं नाही आणि मलाही नाही. मी केरसुणीने खोली झाडली, दोन सुपल्या पीठ निघालं. गाद्या गॅलरीत नेऊन काठीने बडवल्या. दादाने अस्तर मारलं, वर मलईच्या रंगाचे दोन हात दिले. झडपा बोटाने ढकलल्या तरी उघडायला लागल्या. दादा चौथ्या खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, "ती असायला हवी होती आज." मला वहिनीची आठवण येऊन रडू आलं.

सूनबाई परत आली ती दारातच थबकली. "बाबा, किती सुंदर! पण डॉक्टर तर म्हणाले होते..."

"मुळासकट काढलंय," दादा म्हणाला. "शोधून एक कण दाखव."

घासूमास्तरांचा शब्द होता तो. अख्खा गाव ज्यावर विश्वास ठेवतो त्यावर सुनेने का ठेवू नये? तिने मुंगीला खाली सोडलं.

दोन आठवड्यांनी तपासणीवाली आली. काडीसारखी बारीक मुलगी, जाड भिंगाचा चष्मा, आणि तिच्याहून मोठी पेटी. पेटीतून तिने पिस्तुलासारखं एक यंत्र काढलं आणि खिडकीवर टेकवलं. शिसं जवळजवळ नाहीच. दुसरी खिडकी, नाही. तिसरी, चौथी, नाही. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू शाळेत पहिला आलाय. दारांच्या चौकटींवर आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या खांद्याइतक्या उंच ऑइलपेंटवर मात्र यंत्राने आकडा दाखवला. तेवढं राहिलंय, तेही काढतो, असं दादा म्हणाला.

ती मुलगी जमिनीवर बसली, एक चौकोनी पट्टी ठेवली आणि त्या चौकोनात ओला कपडा फिरवून तो नळीत भरला. मग कट्ट्यावर, मग पलंगाखाली, मग गादीवर.

"इथे इतक्यात कुणी घासकाम केलंय का?"

"केलंय की! मीच केलं," दादा म्हणाला. तिचा हात धरून त्याने लाकडावर ठेवायचाच बाकी ठेवला. "लावून बघा हात. कुठे पापुद्रा लागतो का सांगा."

"घासताना पाणी मारलं होतं?"

"पाण्याने लाकूड फुगतं, बाई. मी सगळं कोरडं घासतो."

"खिडक्या उघड्या होत्या?"

"छे! शेजाऱ्यांच्या घरात धूळ जाते."

"नंतर झाडू मारला?"

"मी मारला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

तिने चष्मा काढून पुसला. "काका, तुमच्यासारखं काम मी पाहिलेलं नाही. पण तो रंग लाकडावर होता तोवर एका जागी होता. आता तो पिठासारखा सगळ्या घरात आहे. डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. मुलगी जमिनीवर हात टेकते आणि तोंडात घालते."

शेराला सव्वाशेर भेटला, असं मी एरवी म्हटलं असतं. त्या दिवशी मी कोपऱ्यातल्या केरसुणीकडे बघत राहिले.

त्याच आठवड्यात मुंगीचं रक्त पुन्हा तपासलं. एकोणतीस.

सूनबाईने कपाटातून पिशवी काढली आणि मुंगीचे कपडे भरायला घेतले. एकेक कपडा झटकावा की झटकू नये, हे तिला कळेना. शेवटी तिने ते सगळे तसेच ठेवून दिले आणि रिकाम्या हाताने निघाली. दादा दारात उभा होता. मुंगीने आईच्या कडेवरून त्याच्याकडे दोन्ही हात पसरले, आणि दादाचे हात आपोआप पुढे झाले.

"नको बाबा." सूनबाईने मुंगीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमच्या कपड्यांवर असेल. घर साफ झाल्याशिवाय मी तिला आणणार नाही, आणि तोवर तुम्हीही तिला घेऊ नका."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. भाचा मान खाली घालून तिच्या मागोमाग जिना उतरला. मुंगी खालच्या वळणापर्यंत "आबा, आबा" करत होती. उरलेला तो एक शब्द.

दादा दोन दिवस जेवला नाही. मी ताट ठेवायचे आणि तसंच उचलायचे. मी त्याला खूप बोलले. भल्या माणसा, करायला गेलास काय आणि झालं काय, डॉक्टरने सांगितलेलं तुझ्या डोक्यात का शिरलं नाही, असं सगळं. तो ऐकून घेत होता. झाडू मीच मारला होता, म्हणून तर मी इतकी बोलत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "त्या चष्मेवालीला बोलावून घे. काय करायचं ते तिला विचारतो."

आयुष्यात त्याने पहिल्यांदा कुणाला विचारलं.

ती आली. दादाने दारांच्या चौकटींकडे बोट दाखवलं. "यांचं काय करायचं? पाणी मारून घासू?"

"जिथे पोपडे सुटलेत तेवढेच पाणी मारून काढायचे. घट्ट बसलाय त्याला हात लावायचा नाही. वरून जाड लेप द्यायचा, त्यासाठी वेगळा मिळतो, साधा रंग चालणार नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पत्रे ठोकू आणि सगळ्या फटी बुजवू."

"म्हणजे झाकायचं?" दादाचा चेहरा लाल झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. "चाळीस वर्षं मी झाकणाऱ्यांना शिव्या घातल्या. आत घाण आणि वर पावडर. ते माझ्या घरात?"

"ते लोक दिसू नये म्हणून झाकतात, काका. आपण मुलीच्या हाताला लागू नये म्हणून झाकणार. आणि आत काय आहे ते वर लिहूनही ठेवणार, म्हणजे उद्या कुणी न विचारता घासायला घेणार नाही."

दादाने चौकटीवरून वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला. मग म्हणाला, "लिहिणार असाल तर ठीक आहे."

मग सुरू झाली दादाची शाळा, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. जमिनीवर प्लॅस्टिकचे दोन थर, कडा चिकटपट्टीने बंद. खोलीच्या दाराला प्लॅस्टिकचे दोन पडदे. रुमाल गेला, त्याच्या जागी हवा गाळायचे दोन डबे लावलेला मास्क आला, तो घातल्यावर दादा बोलला की विहिरीतून बोलल्यासारखा आवाज यायचा. त्यामुळे तो कमी बोलायचा, ही माझी सोय. एका हातात पाण्याचा फवारा, दुसऱ्या हातात पत्री. सुटलेला प्रत्येक पोपडा ओला करून अलगद काढायचा आणि ओला असतानाच पिशवीत. रंग जाळून काढायचा दिवा वापरू का, असं त्याने विचारलं मात्र, तर त्या मुलीने असं पाहिलं की त्याने तो परत ठेवून दिला. त्याची वाफ तर धुळीहून वाईट, म्हणे.

पहिल्या दिवशी त्याने सवयीने एका कोपऱ्यावर कोरडा पॉलिशपेपर फिरवला. दोनच हात. मी पडद्याआडून पाहिलं आणि किंचाळले. हात भाजल्यासारखा त्याने तो कागद टाकून दिला. मग खिशातले सगळे पॉलिशपेपर काढून माझ्यासमोर कचऱ्याच्या पिशवीत घातले.

"तूच तोंड बांध आता," तो म्हणाला. पिशवीचं म्हणत होता, तरी मी त्याच्याकडे रागाने पाहून घेतलं.

गाद्या टाकून दिल्या. केरसुणीही गेली. त्या मुलीने तिच्या कचेरीतून धूळ ओढायचं खास यंत्र आणून दिलं, कारण साधं यंत्र बारीक धूळ मागच्या बाजूने परत सोडतं. मग पुसणं. वरून खाली, आतून दाराकडे. एका बादलीत साबणाचं पाणी, एकीत साधं, प्रत्येक खोलीला नवं पाणी, मळलं की कपडा फेकून दुसरा. चिंध्यांना माझ्याकडे तोटा नव्हता, शिंपिणीच्या घरात दुसरं काय असतं? सगळं घर आम्ही तीन वेळा पुसलं. गुडघे टेकून, दादा एका भिंतीकडून आणि मी दुसऱ्या, लहानपणी बाबा शिक्षा करायचे तसे.

चौकटींना लेप बसला, भिंतीला पत्रे. खिडक्यांची लाकडं पुसूनही त्यांच्या खाचांत काही राहिलं असेल, अशी शंका नको म्हणून झडपा बदलून टाकल्या. ज्या चार खिडक्या त्याने वहिनीच्या आठवणीने घासल्या होत्या, त्यांच्या झडपा त्याने स्वतः काढून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. काही वेळा माणसाकडे न बघणंच बरं.

शेवटी त्याने ब्रश घेऊन प्रत्येक चौकटीच्या वरच्या अंगाला आणि पत्र्यावर रेखीव अक्षरांत लिहिलं: "याखाली शिशाचा रंग आहे. घासू नका." खाली सही केली, घासूमास्तर. मी पोट धरून हसले. त्यालाही हसू आलं, किती दिवसांनी.

तपासणीवालीने पुन्हा सगळीकडे कपडा फिरवून नळ्या नेल्या. चार दिवसांनी ती स्वतः आली. सगळीकडे ठीक होतं. फक्त एक जागा नापास, दादाच्या पलंगाखालची.

"इथे काय असतं?"

"काही नाही. माझी पिशवी असते," दादा म्हणाला. "घर पुसायला काढलं तेव्हा बाहेर ठेवली होती, परवा परत सरकवली."

त्याने ती ओढून काढली. त्याची हत्यारांची पिशवी, जाड कापडाची. चाळीस वर्षांपूर्वी, त्याच्या पहिल्या कामाच्या आदल्या दिवशी मी शिवली होती, दुहेरी शिवण घालून. त्या मुलीने पिशवीची एक घडी उलगडली. घडीत राखेसारखी पूड होती. चाळीस वर्षांच्या लोकांच्या खिडक्या.

मुंगी त्या पिशवीत बसायची. पत्र्या आणि ब्रश बाहेर काढायचे, ती आत बसणार आणि दादा तिला सगळ्या घरात ओढणार, हा त्यांचा रोजचा खेळ होता.

दादा पलंगावर बसला. "म्हणजे खिडक्यांच्याही आधी..." तो म्हणाला. "ते अकरा."

"खिडक्यांचंही असेल, काका," ती मुलगी हळू आवाजात म्हणाली.

"असेल. पण खिडक्या मी एकदाच घासल्या. हे तर मी रोज घरी आणत होतो. अंगावर घालून आणत होतो आणि तिला उचलत होतो." त्याने आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग तो रडला. माझा दादा, जो वहिनीच्या वेळीही सगळ्यांना पाणी देत फिरत होता, तो लहान मुलासारखा हमसून रडला. मी त्याच्या शेजारी बसले. ती पिशवी मीच शिवली होती.

ती मुलगी जाताना म्हणाली, "तुम्ही तुमचं रक्त तपासलंय का कधी?" दादा म्हणाला, माझं काय, माझं झालं आता. तिने ऐकलं नाही. मी तर मुळीच ऐकलं नाही, ओढतच नेला. आकडा एक्केचाळीस. आठ-दहा वर्षं त्याचं पोट दुखायचं आणि तो पित्ताच्या गोळ्या खायचा. अलीकडे बोटं बधिर व्हायची, नावं विसरायचा. आम्ही म्हणायचो, म्हातारा झाला.

"बघ," तो डॉक्टरांकडून बाहेर पडताना म्हणाला, "या कामात पहिल्यापासून मीच पुढे."

मी घरी आले आणि भांड्यांची आदळआपट करत रडून घेतलं.

पिशवी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, वर लिहून, दादाने स्वतः त्या मुलीच्या कचेरीत नेऊन दिली. पलंगाखाली पुन्हा पुसलं, तेव्हा कुठे घर पास झालं. मी नवी शिवायला घेतली तर म्हणाला, पिशवी नको, धुता येईल असा डबा हवा. आता तो जुन्या घरांचं काम घेतो तेव्हा कामाचे कपडे आणि चपला तिथेच ठेवतो, डोक्यावरून आंघोळ करतो आणि मगच घरी येतो. रंगाच्या दुकानात कुणी कोरडं घासायची गोष्ट काढली की दादा त्याचा तास घेतो. दुकानातले त्याला आता पाणीमास्तर म्हणायला लागलेत. त्या नावावर तो अजून रुळलेला नाही.

एक दिवस तो चार शर्ट घेऊन आला. "यांच्या कॉलर काढ."

"का? चांगल्या आहेत की."

"चावते ती."

मी उसवायला घेतल्या.

मुंगीचा आकडा घाई न करता उतरत होता. डॉक्टर म्हणाले होते, या आकड्याला औषध द्यायची गरज नाही, घरातलं शिसं थांबवा, लोह आणि कॅल्शियम पोटात जाऊ द्या, आणि धीर धरा. महिन्याने चोवीस. तीन महिन्यांनी चौदा. भाचा फोनवर आकडा सांगायचा आणि दादा तो कॅलेंडरवर लिहायचा. नातीला भेटायला तो एकदाही गेला नाही. सूनबाईनेच एकदा विचारलं, बाबा, येता का? तो म्हणाला, घर पास झालंय, माझं अजून बाकी आहे.

चौदा आल्यावर सूनबाई म्हणाली, आणते.

त्या दिवशी दादाने सकाळपासून तीन वेळा आंघोळ केली. कोपरापर्यंत हात धुतले, नखं कापली, परत धुतले. बिनकॉलरचा शर्ट घालून तो दाराच्या आत उभा राहिला. हात पाठीमागे बांधलेले, जणू कुणी शिक्षा केलीय.

सूनबाई जिना चढून आली. कडेवर मुंगी, अंगाने थोडी भरलेली. आधी तिने कट्ट्याकडे पाहिलं, मग चौकटीवरची अक्षरं वाचली, खालची सही वाचली. मुंगीने आबाला पाहिलं आणि हात पसरले. दादा जागचा हलला नाही.

त्याने पाठीमागचे हात पुढे आणले. एका हातात ओला पांढरा कपडा होता, तपासणीवाली घरात फिरवायची तसा. त्याने तो सूनबाईला दिला आणि दोन्ही तळवे तिच्यापुढे उघडे धरले.

"कपड्यावर दिसत नाही ते, मला माहीत आहे," तो म्हणाला. "तरी तू पूस. तुझं समाधान होऊ दे, मग दे."

सूनबाईने मुंगीला माझ्याकडे दिलं. तिने दादाचा उजवा हात धरला आणि पुसला. तळवा, मग एकेक बोट, बोटांच्या फटी, नखांच्या कडा. मग डावा. पुसून झाल्यावर तिने कपडा गोळा करून बाजूला ठेवला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडून मुंगीला घेतलं आणि दादाच्या हातांत ठेवलं.

मुंगीने सवयीने त्याच्या खांद्याशी तोंड नेऊन कॉलर शोधली. ती नव्हती. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "दे."

तिच्या पाठीवर तळहात ठेवून दादा डोळे मिटून उभा राहिला.